सोसायटीचा बायोगॅस आंबट झालाय, पुन्हा सुरळीत कसा करायचा?

६४ फ्लॅटच्या ओल्या कचऱ्यावर चालणारी तरंगत्या टाकीची यंत्रणा आहे, डायजेस्टर (कचरा कुजतो ती खालची टाकी) ३ घनमीटर. रोज ३० किलो कचरा क्रशरमधून काढून तेवढंच पाणी मिसळून टाकतो. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचं उरलेलं, तेलकट-गोड असं जवळपास दुप्पट गेलं. तेव्हापासून तरंगती टाकी वर येते, पण गॅस पेटत नाही, म्हणजे बहुतेक कार्बन डायऑक्साइडच. स्लरीला (आतल्या पातळ लगद्याला) आंबट वास, पट्टीवर पीएच ५.९.

पाइपमधलं पाणी काढलं, बर्नरचं जेट साफ केलं. दोष तिथे नाही. पाच दिवस भरणा बंद ठेवला. १ किलो चुना कालवून घातला, पीएच ६.५ झाला आणि दोन दिवसांत पुन्हा ६ वर. तळाशी गाळ बसेल म्हणून चुना आणखी घातला नाही. लिंबू-संत्र्याची सालं आणि कांद्याची टरफलं आधीपासून वेगळीच घेतो (सगळे ऐकतात असं नाही, पण बी विंग सोडली तर बरं चाललंय).

डायजेस्टर पूर्ण रिकामा करणं शक्य नाही, स्लरी ओतायला जागाच नाही. जवळच्या गोठ्यातून आठवड्याला ४० किलो ताजं शेण मिळतं. रात्री थंडी पडू लागलीय, त्यामुळे आणखी उशीर नको.

शेणावर नाही, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर यंत्रणा चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: एवढ्या शेणात काम होईल का, की थोडी स्लरी काढून चालू यंत्रणेतली स्लरी आणून घालावी, आणि किती? चुन्याऐवजी खाण्याचा सोडा बरा का? पीएच कितीवर टिकला की भरणा सुरू करायचा, आणि रोज किती किलोपासून?