निळी-काळी सी स्लग ओळखायला मदत हवी आहे
कोरल रीफवर एक सी स्लग (शंख नसलेली समुद्री गोगलगाय) दिसली, मस्त आहे एकदम, पण नाव लागत नाहीये. साधारण 3 सेंमी, निळं अंग, लांबीला काळ्या रेघा, कडेला केशरी पट्टा, डोक्यावरची दोन शिंगं म्हणजे रायनोफोर आणि पाठीवरचा गिल्सचा (कल्ल्यांचा) झुबका दोन्ही केशरी, त्यामुळे फ्लॅटवर्म (चपटा समुद्री किडा) नक्कीच नाही, त्यांना हा झुबका नसतो. क्रोमोडोरिस नावाच्या गटातली वाटतेय, पण त्यातली कुठली जात, अ‍ॅने की एलिझाबेथिना? अ‍ॅनेच्या निळ्या भागात बारीक काळे ठिपके असतात ना, माझ्या फोटोत झूम केलं की कुठे दिसतात कुठे नाही, आणि नुसत्या रंगावर जावं तर एकाच जातीत केवढा फरक असतो! ज्या स्पंजवर होती त्यावरून काही ठरवता येतं का? आणि पुढच्या वेळी नेमका कुठल्या भागाचा क्लोजअप घेऊ?