स्मारक बांधायच्या आधी लोकांना विचारायचं की नाही?

बर्डीकर:
परवा २३ नोव्हेंबरला नागपूरच्या झिरो माईलकडून जात होतो तर गोवारी स्मारकाजवळ खेड्यापाड्यातून आलेल्या लोकांची गर्दी. १९९४ ला याच तारखेला विधानभवनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. शहरानं त्यांना स्मारक दिलं, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) फ्लायओव्हरला त्यांचं नाव दिलं, अन् आपण त्याच पुलावरून रोज हॉर्न मारत जातो. माझं म्हणणं एवढंच की असं काही बांधायच्या आधी ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला विचारावं. न्यूयॉर्कमध्ये ९/११ नंतर, जुलै २००२ ला, चार हजारांवर लोकांना एका हॉलमध्ये टेबलाटेबलावर बसवलं, नव्या बांधकामाचे सहा प्लॅन दाखवले, एकही पसंत पडला नाही आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. आपल्याकडे पेपरच्या कोपऱ्यात हरकती-सूचनांची नोटीस येते, अन् ती दिसते तेव्हा मुदत संपलेली असते.

ऑरेंजसिटी_इंजिनिअर:
भाऊ पुढचं पण सांग ना. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेची लीज बिल्डर लॅरी सिल्व्हरस्टीनकडे होती. मास्टर प्लॅन आर्किटेक्ट लिबेस्किंडचा निवडला, पण मुख्य टॉवर शेवटी सिल्व्हरस्टीनच्याच आर्किटेक्टनं काढला. मेमोरियल उघडलं २०११ ला. मग हॉलमधल्यांनी ठरवलं काय? मीटिंगमध्ये जो माईक सोडत नाही त्याचंच चालते. आमच्या लेआउटमध्ये बगिच्यात बेंच कुठं ठेवायचे यावर तीन रविवार गेले, बेंच अजून वॉचमनच्या खोलीत.

अंबाझरीवाली:
तुमचे तीन रविवार गेले दादा, आमचा अख्खा तळमजला गेला. २३ सप्टेंबर २०२३, एका रात्रीत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, पहाटे उठले तर गादीखाली पाणी अन् फ्रिज आडवा तरंगतोय. सांडव्याच्या तोंडाशी विवेकानंदांचं स्मारक, त्याचा अडथळा होतो म्हणून पूरग्रस्त हायकोर्टात गेले. गल्लीतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला आधी विचारलं असतं तर पाणी कुठून जाते ते त्यानं चहा पिता पिता सांगितलं असतं.

ऑरेंजसिटी_इंजिनिअर:
तो हायड्रॉलिक्सचा विषय आहे ताई, हात वर करून ठरवायचा नाही. आणि खरं सांगा, तेव्हा मत घेतलं असतं तर निम्म्या नागपूरनं स्मारक तिथंच पाहिजे म्हटलं असतं. संध्याकाळी सेल्फीला गर्दी कोणाची असते?

अंबाझरीवाली:
हाव, म्हटलं असतं. म्हणूनच निम्म्या नागपूरला नाही, ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याला विचारा म्हणते.

नरखेडचा_पोट्टा:
काऊन बे, लोकं म्हणजे फक्त नागपूरवालेच काय? गोवारी बांधव कुठून कुठून आले होते, तुमची सभा ठेवान बर्डीत, सोमवारी अकरा वाजता, एसी हॉलात. त्या बाईनं ढोरं सोडून, एसटीचं भाडं भरून यावं, अन् तिथं पीपीटी पाहावं? ते पण इंग्रजीत!

बर्डीकर:
हे मात्र खरं बोलला, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण विचारून काय होते ते पण ऐका. न्यूयॉर्कच्या मेमोरियलवर २,९८३ नावं आहेत. डिझाइन करणाऱ्या मायकेल अरादला ती कुठलाही क्रम न लावता टाकायची होती, घरच्यांनी कडाडून विरोध केला. शेवटी कोणाचं नाव कोणाशेजारी पाहिजे ते घरच्यांना विचारलं, हजारावर विनंत्या आल्या. सोबत काम करणारे, दोस्त, नातेवाईक शेजारी शेजारी. हे कोणत्या आर्किटेक्टला एकट्याला सुचलं असतं?

ऑरेंजसिटी_इंजिनिअर:
नावांचं मान्य. पाया किती खोल अन् पाणी कुठून काढायचं ते नाही मान्य.

नरखेडचा_पोट्टा:
मंग सभा २३ नोव्हेंबरलेच ठेवा ना राजेहो, स्मारकापाशीच. लोकं त्या दिवशी येतेच, वेगळं भाडं नाही लागत.

ऑरेंजसिटी_इंजिनिअर:
ठेवा. माईक कोणाजवळ राहील ते आधी सांगा.