मदत हवी आहे : प्रचुआप खिरी खान (थायलंड) – चार दिवस, जवळपास बिनखर्चात

गावठी मिरची

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिघं जातोय. आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६४, गुडघे कुरकुरतात, कांदा-लसूण खात नाहीत, एकादशी असते). विमानतिकिटं आणि प्रचुआपमधल्या चार रात्रींच्या खोलीचे पैसे भरून झालेत. बोटीची सहल, बेटं, स्नॉर्केलिंग, मसाज यातलं काहीही करायचं नाही. खाणं आणि गाडीभाडं सोडून खिशात हात न घालता चार दिवस जातील का?

नेमकं हवंय ते असं : १) बँकॉकहून स्वस्तात पोचायचं कसं २) फुकट काय काय बघता येतं ३) समुद्रात उतरायला कुठे बरं ४) सासूबाईंचं जेवण. हुआ हिनला (त्याच किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध पर्यटनगावी) राहायला हवं होतं असं नातेवाईक म्हणतायत. चुकलंय का आमचं?

ओहोटी

चुकलेलं नाही. हुआ हिनची वाळू फुकटच आहे, पण भरती आली की मधल्या भागात बसायला जागाच उरत नाही. शिवाय सगळं गाव हॉटेलं नि दुकानं यांच्याभोवती फिरतं. प्रचुआपमध्ये समुद्र गावाच्या दारात आहे. स्टेशनातून बाहेर पडून सरळ पूर्वेला चालत सुटलात तर दहा मिनिटांच्या आत किनाऱ्यावरच्या रस्त्याला लागता. बघण्यासारखं बहुतेक सगळं सपाट रस्त्यावर आहे, त्याला तिकीट नाही, आणि विकायला मागे लागणारी माणसंही फारशी नाहीत.

आधी गाडीचं, कारण लोक तिथेच फसतात. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनातून सुटत नाहीत, त्या क्रुंग थेप अपिवात या नव्या मोठ्या स्टेशनातून सुटतात. साध्या पॅसेंजर मात्र अजून हुआ लाम्फोंग आणि नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनातून सुटतात. म्हणजे बँकॉकमध्ये स्टेशनं तीन, आणि तुमची गाडी त्यातल्या एकावरच मिळणार. तिकीट काढताना स्टेशनचं नाव दोनदा वाचा. साध्या गाडीच्या तिसऱ्या वर्गाचं भाडं शंभर बातच्या (बात हे थाई चलन) आत आहे. आरक्षण नसतं, त्याच दिवशी खिडकीवर तिकीट काढायचं. पंखे आहेत, खिडक्या उघड्या, बाकं सरळ पाठीची. पाच-सहा तास धरा, उशीर वेगळा. सासूबाईंसाठी एक उशी हाताशी असू द्या. वातानुकूलित गाडी हवी असेल तर ती अपिवातहून, आणि तिचं आरक्षण आधी करायला हवं. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान, तिथून चालत फेचाबुरीच्या मेट्रोत. हुआ लाम्फोंग आणि अपिवात (मेट्रोत नाव 'बांग सू') दोन्ही याच निळ्या लाइनवर आहेत.

संध्याकाळी बँकॉकहून निघालात तर रात्री उशिरा उतराल आणि गाव तोवर झोपलेलं असेल. सकाळची किंवा दुपारची गाडी धरा.

कटिंग चहा

गाडीच्या आधी एक आणखी. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र (टीडीएसी) १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, आणि ते मोफत आहे. शोधायला गेलं की पैसे मागणाऱ्या दिखाऊ साइट सगळ्यात वर येतात. इमिग्रेशनच्या सरकारी साइटवरच भरा.

आणि एटीएम. परदेशी कार्डावर तिथली बँक दरवेळी २२० बातच्या आसपास कापते, रक्कम कितीही असो. पाचशे-पाचशे काढत बसलात तर 'बिनखर्चाची' सहल तिथेच बुडाली. एकदाच काय ते काढा. यंत्र तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का विचारतं, तेव्हा नाही म्हणा, त्यांचा दर नेहमी वाईट असतो.

ओहोटी

आता समुद्र. गावात तीन खाड्या लक्षात ठेवा : उत्तरेला आओ नोई, मध्ये गावासमोरची आओ प्रचुआप, आणि दक्षिणेला टेकडीपलीकडे आओ मनाओ. (खाडी म्हणजे इथे उपसागर, आपली वसईची खाडी नव्हे. 'मनाओ' म्हणजे लिंबू.)

गावासमोरची खाडी बघायची, पोहायची नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तिथे कोळ्यांच्या होड्या असतात. पण सकाळी सहाच्या सुमाराला त्या भिंतीवर जाऊन बसाच. तोंड पूर्वेला, त्यामुळे सूर्य पाण्यातून आणि चुनखडीच्या बेटांच्या मधून वर येतो. रात्री तीच भिंत, आणि क्षितिजावर माकुल (स्क्विड) पकडणाऱ्या होड्यांचे हिरवे दिवे. माकुल उजेडाकडे येतो म्हणून ते लावतात. सासूबाईंना दोन्ही वेळा एक पायरी चढावी लागणार नाही.

पोहायला आओ मनाओ. गावापासून साधारण ५ किमी, आणि ती हवाई दलाच्या 'विंग ५' तळाच्या आत आहे. लोक सैनिकी फाटक बघून परत फिरतात. फिरू नका, दिवसा सगळ्यांना सोडतात, पैसे घेत नाहीत. पासपोर्ट किंवा त्याची प्रत जवळ ठेवा, विचारलं तर दाखवायला. रस्ता धावपट्टी ओलांडून जातो. विमान येत-जात असेल तर थांबवतात, थांबायचं. तळाचे फोटो आणि ड्रोन नको.

आत उथळ, हळूहळू खोल जाणारा किनारा आहे, मागे सुरूची झाडं. खुर्च्या नि छत्र्या भाड्याने आहेत, त्या घ्यायलाच हव्यात असं नाही. सुरूखाली आपली चटई टाकली की कोणी उठवत नाही. तेव्हा चटई घरून न्या. गोड्या पाण्याने अंघोळीला थोडे बात पडतात, तेवढे सुटे ठेवा.

जानेवारीत वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे गावासमोर पाणी खवळलेलं दिसेल. मनाओला लोम मुआक टेकडीची थोडी आड मिळते. गावासमोरच्या लाटा बघून पोहायचं रद्द करू नका, टेकडीपलीकडे जाऊन बघा.

फुलपात्र

भरती-ओहोटीबद्दल कोकणातल्यांना सावध करते. आपण तिथीवरून वेळ काढतो आणि दिवसातून दोन भरत्या धरतो. थायलंडच्या आखातात बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांत एकच मोठी भरती असते. तिथीचा हिशोब लावलात तर पाणी सापडायचं नाही, नुसतं वाळूतून चालत बसाल. वेळापत्रकात 'प्रचुआप' नाही मिळालं तर 'को लाक' शोधा. ते प्रचुआपचंच मोजणीठाणं. थायलंडमधली डोंगरांची उंची को लाकच्या समुद्रपातळीपासून मोजतात, इतकं ते महत्त्वाचं.

जेलीफिश चावला तर (जानेवारीत धोका कमी, पण शून्य नाही) चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर निदान ३० सेकंद सतत ओतायचं. काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते. पाण्यात उतरण्याआधी ती कुठे आहे हे बघून ठेवा.

डोंगरचा वारा

फुकटातलं उरलेलं :

खाओ चोंग क्राचोक. गावाच्या उत्तर टोकाची टेकडी, आरपार भोक असलेली, नावाचा अर्थही तसाच काहीसा. ३९६ पायऱ्या, वर देऊळ आणि तिथून तिन्ही खाड्या एकदम दिसतात. सकाळी सातच्या आत चढायला लागा. दहानंतर पायऱ्या तापतात, आणि वर देवळात चपला काढाव्या लागतात. खांदे नि गुडघे झाकलेले हवेत.

लोम मुआकचा पायथा, आओ मनाओच्या शेजारीच. इथे डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली काळपट वानरं झाडांवर असतात, पिल्लं नारिंगी रंगाची. शांत आहेत, जवळ येतात. खायला घालू नका. त्यांचं पोट पानं आंबवून पचवण्यासाठी बनलेलं आहे. केळी-पाव गेला की आत नको तेवढं आंबतं आणि पोट फुगतं. टेकडीवर चढायची परवानगी मोजक्याच दिवशी असते, त्या भरवशावर जाऊ नका.

त्याच तळावर १९४१ च्या लढाईचं स्मारक आहे. ८ डिसेंबरला पहाटे जपानी सैन्य इथे उतरलं आणि थाई विमानदळाच्या लोकांनी दुसऱ्या दिवसापर्यंत लढा दिला. स्मारक पोहून परत येताना होईल.

आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी किनाऱ्याच्या रस्त्यावर बाजार भरतो. बघायला पैसे लागत नाहीत, न खाता परत यायला मात्र निग्रह लागतो.

सायकल बऱ्याच खोलीवाल्यांकडे फुकट किंवा दिवसाला ५० बातच्या आसपास. ब्रेक आणि सीटची उंची तिथेच तपासा.

कटिंग चहा

गावाच्या दक्षिणेला वा कोला फिरकणार असाल तर एवढं माहीत असू द्या. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण थायलंडचा तेव्हाचा राजा मोंगकुट याने स्वतः गणित करून सांगितलं होतं, आणि ते बघायला तो तिथे आला. तिथे त्याला हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. याच ग्रहणाची सावली त्या दिवशी आपल्या विजयदुर्गावरून गेली होती. तिथल्या मत्स्यालयाला तिकीट आहे, किनाऱ्याला नाही.

फुलपात्र

विजयदुर्ग निघाला की लॉकियर (हेलियमच्या शोधाशी नाव जोडलेला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) निघणार, म्हणून आधीच लिहिते : तो तेव्हा विजयदुर्गाला नव्हता. सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. आता धाग्यावर परत या, सासूबाईंचं जेवण राहिलंय.

'जे' ही थाई शाकाहाराची जात. त्यात अंडं नाही, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही, म्हणजे सासूबाईंना हवं तेच. ओळख : पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, इंग्रजी सतरासारखं दिसणारं. तिथे जाऊन 'किन जे' म्हणायचं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, अशी दुकानं दुपारी लवकर उरकतात, तेव्हा जेवण बारापर्यंत. दोन, सोयाचे तुकडे इतके हुबेहूब मांसासारखे असतात की त्या ताट सरकवतील. आधी सांगून ठेवा.

साध्या दुकानात 'माय साय नाम प्ला' म्हणजे मत्स्यसॉस नको. तरी पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबी कुटलेली असते, ते टाळाच.

एकादशीला केळी, पपई, उकडलेल्या शेंगा, शहाळं बाजारात मिळतं. साबुदाणा थाईत 'साखू'. नारळाच्या दुधातला गोड साखू चालेल. पण 'साखू साय मू' नावाचे साबुदाण्याचे गोळे अगदी साबुदाणावड्यासारखे दिसतात आणि आत डुकराचा खिमा असतो. एवढं एक नाव पाठ करा.

पिण्याचं पाणी : रस्त्याकडेला नाण्याची यंत्रं असतात, साधारण १ बातला लिटर. रिकामी बाटली न्या. यंत्रावर गाळणी बदलल्याची तारीख चिकटवलेली असते, ती बघून भरा. नळाचं पिऊ नका.

गावठी मिरची

मंडळी, एवढं कोणी पैसे घेऊनही सांगत नाही. एकच उरलं : ३९६ पायऱ्या सासूबाईंना जमणार नाहीत. आम्ही दोघं वर गेलो तर त्यांनी खाली थांबलेलं चालेल का? माकडं असतात असं वाचलंय.

डोंगरचा वारा

अगदी पायथ्याशी नको. तिथली माकडं मनाओच्या वानरांसारखी नाहीत, लांब शेपटीची, धीट. प्लॅस्टिक पिशवीचा आवाज आला की धावतात, मग आत काही असो. सासूबाईंना रस्ता ओलांडून किनाऱ्याच्या बाकावर बसवा, पिशवी नाही, हातात बाटली नाही, चष्मा दोरीला. तुम्हीसुद्धा वर जाताना खाऊ, बाटली, टोपी काही नेऊ नका, पाणी खाली उतरून प्या. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी. तो खर्च वाचवायचा नाही.

एक काठी हातात असू द्या. उगारायची नाही, नुसती दिसली पाहिजे.