सेटिंग साठवण्याची टेस्ट: मॉक पुरे की खरा एडिटर हवा?

सातरस्ता_डेव्ह: सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या चादर कारखान्यांसाठी आम्ही व्हीएस कोड या एडिटरचं छोटं एक्सटेन्शन, म्हणजे जोडप्रोग्राम, केलंय. डिझाइनची फाइल जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, हुकांत बसते का, एवढंच ते बघतं. हुकांची संख्या कारखान्यागणिक वेगळी, म्हणून ती वर्कस्पेसच्या, म्हणजे उघडलेल्या प्रोजेक्टच्या, सेटिंगमध्ये. रंगबिंग यूजर सेटिंगमध्ये, ते सगळ्या प्रोजेक्टना लागू. टीममधले म्हणायलेत, एडिटरचं 'व्हीएसकोड' मॉड्यूल मॉक करा, म्हणजे टेस्टसाठी त्याची नक्कल बनवा, अन् मोकळे व्हा. मला हे पटत नाही. सेटिंग वाचायला 'गेटकॉन्फिगरेशन'नं दिलेला ऑब्जेक्ट ही त्या क्षणाची प्रत असते. 'अपडेट'नं लिहून त्याच ऑब्जेक्टवर वाचायला 'गेट' मारलं की जुनीच व्हॅल्यू येते, ऑब्जेक्ट नव्यानं मागावा लागतो. मॉकमध्ये असतो साधा मॅप (नाव-व्हॅल्यूच्या जोड्या), तो बापडा नवी व्हॅल्यू देऊन टाकतो. टेस्ट हिरवी, गिऱ्हाईक लाल.

जुळेसोलापूरकर: दर पुशला, म्हणजे कोड पाठवला की प्रत्येक वेळी, खरा एडिटर? सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) आधी व्हीएस कोड डाउनलोड, लिनक्स असेल तर एक्सव्हीएफबीचा खोटा डिस्प्ले, मग कुठं मोका हे टेस्ट चालवायचं टूल सुरू. सेटिंगचं वाचणं-लिहिणं एका पातळ क्लासमागे ठेवा, हुकांचं गणित साध्या टेस्टमध्ये तपासा. आणि मॉकमध्ये मॅपच ठेवा असं कुणी सांगितलं बे? दरवेळी प्रत देणारा मॉक चार ओळींत होतो.

सातरस्ता_डेव्ह: गणिताबद्दल वादच नाही. पण फोल्डर उघडलेलं नसताना वर्कस्पेसमध्ये लिहायला गेलात की एडिटर एरर फेकतो. पॅकेज जेसन या एक्सटेन्शनच्या माहितीच्या फाइलमध्ये न नोंदवलेलं सेटिंग लिहिलं तरी एरर. हे सगळं मॉकला शिकवायचं म्हणजे अर्धा एडिटर आपणच लिहायचा.

पार्कचौक: तुम्ही दोघंही 'गेट'वरच अडलात. डिफॉल्ट, त्यावर यूजर, त्यावर वर्कस्पेस, त्यावर फोल्डर, असं बघून 'गेट' शेवटची व्हॅल्यू देतं. हुकांची संख्या चुकून यूजरमध्ये पडली तरी टेस्टमध्ये आकडा बरोबरच दिसणार. मग दुसऱ्या कारखान्याचं प्रोजेक्ट उघडलं की तिथं पहिल्याचे हुक! 'इन्स्पेक्ट' वापरा, ते प्रत्येक पातळीची व्हॅल्यू वेगळी दाखवतं. वर्कस्पेसव्हॅल्यूत संख्या हवी आणि ग्लोबलव्हॅल्यू, म्हणजे यूजरची, अनडिफाइन्ड (रिकामी), दोन्ही तपासा. 'अपडेट'ला तिसरं पॅरामीटर ट्रू दिलं की ग्लोबलमध्ये लिहिलं जातं, अन् लोक ते सवयीनं ठोकून देतात.

जुळेसोलापूरकर: ते मॉकमध्येही पकडता येतं, 'अपडेट'ला कुठलं टार्गेट दिलं एवढं बघायचं. उलट तुमच्या खऱ्या एडिटरमध्ये एका टेस्टनं लिहिलेलं पुढच्या टेस्टला चिकटतं.

पार्कचौक: टिअरडाउनमध्ये, म्हणजे टेस्टनंतरच्या साफसफाईत, 'अपडेट'ला अनडिफाइन्ड द्या, सेटिंग निघून जातं. शिवाय यूजर डेटाची डिरेक्टरी वेगळी द्या.

जुळेसोलापूरकर: बरं, साठवणीच्या मोजक्या टेस्ट खऱ्या एडिटरवर, त्याही रात्रीच्या बिल्डला. पुशला माझा मॉकच राहील.

सातरस्ता_डेव्ह: रात्री कशाला? मेन ब्रँचमध्ये कोड मर्ज करायच्या आधीच चालवा. मेन ब्रँच फुटलेली सकाळी कोण निस्तरणार, तुम्ही?