विषय: न्यू जर्सीची गाडी ऑन्टारिओत आणावी, की तिथे नवीच घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन महिन्यांत न्यू जर्सीहून मिसिसागाला येतोय. पीआर (कॅनडात कायम राहण्याचा परवाना) झालं, यांची नोकरी पक्की झाली, मुलांची शाळाही बघून झाली. घोडं अडलंय ते गाड्यांपाशी.

गाड्या दोन. एक २०१८ची सेडान, कर्ज फिटलेली, पहिल्या दिवसापासून आमच्याच हातातली. दुसरी एसयूव्ही लीजवर आहे, तिचे अजून चौदा महिने बाकी आहेत. माझे धाकटे दीर ब्रॅम्प्टनला असतात. ते म्हणतात, अमेरिकेत जुन्या गाड्या स्वस्त मिळतात, येताना माझ्यासाठीही एक घेऊन या. यांचं मत, सगळं विकून टाकू आणि तिकडे गेल्यावर नवी घेऊ. मला सेडान सोडवत नाही. धाकटीला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते तिच्यातून.

कुणी गाडी सीमेपलीकडे नेली असेल तर कृपया सविस्तर लिहा. इंटरनेटवर वाचून डोकं गरगरायला लागलंय.

— मी. का.

•

ताई,

आधी उत्तर, मग कारणं. सेडान आणा. लीजची गाडी तिकडेच परत करा. दिरांसाठी काहीही आणू नका.

आम्ही ओहायोहून आलो तेव्हा गाडीत काय भरायचं याच्या याद्या केल्या होत्या, पण गाडीच्याच कागदांची यादी केली नव्हती. कर्ज दोन महिन्यांपूर्वी फिटलं होतं, बँकेने टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, मात्र पाठवलं नव्हतं. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘निघालंय’ म्हणाले. माझ्याकडे कर्ज फिटल्याचं पत्र आणि टायटलची झेरॉक्स. बफेलोला पीस ब्रिज या सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे अमेरिकन कस्टम्सच्या खिडकीवर ती झेरॉक्स दिली. अधिकाऱ्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. मूळ टायटलशिवाय गाडी देशाबाहेर जाणार नाही. मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली. त्या रात्री बफेलोच्या मोटेलात राहिलो, दुसऱ्या दिवशी गाडी एका मित्राच्या अंगणात लावली आणि भाड्याच्या गाडीने सीमा ओलांडली. टायटल आलं तीन आठवड्यांनी. म्हणून सांगतो, आज हे पत्र वाचून झालं की पहिलं काम करा: तुमच्या सेडानचं मूळ टायटल घरात आहे का ते पाहा. त्यावर बँकेचं नाव अजून दिसत असेल, तर ते काढून घेतल्याचा कागद किंवा बँकेचं नाव नसलेलं टायटल मागवा.

लोक एक गोष्ट नेहमी विसरतात. त्यांना वाटतं गाडी कॅनडात ‘आणायची’ आहे. त्याआधी ती अमेरिकेतून ‘निर्यात’ करायची असते, आणि त्याचे नियम अमेरिकेचे. टायटल आणि गाडीची माहिती तुम्ही ज्या पुलावरून जाणार तिथल्या अमेरिकन कस्टम्सच्या कचेरीकडे निदान ७२ तास आधी पोचलेली हवी. शिवाय निर्यातीची नोंद संगणकावर करून आयटीएन नावाचा एक क्रमांक मिळवावा लागतो. ही नोंद स्वतः करायची तर ईआयएन (अमेरिकन कर खातं धंद्यांना देतं तो क्रमांक) लागतो, नुसता सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, म्हणून बहुतेक जण ब्रोकरला पैसे देऊन तेवढं काम करून घेतात. मीही दुसऱ्या खेपेला तेच केलं.

आता कॅनडाची बाजू. तुम्ही सेटलर, म्हणजे कायमचे राहायला येणारे, म्हणून येताय, हे तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ. येण्यापूर्वी तुमच्या मालकीची, तुमच्या ताब्यातली आणि तुम्ही वापरलेली वस्तू ड्युटी न भरता आणता येते, गाडीसुद्धा. पण ती सामानाच्या यादीत लिहिलेली हवी: कंपनी, मॉडेल, साल, व्हीआयएन (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक), किंमत. सामान मागून येणार असेल तर त्याची वेगळी ‘गुड्स टु फॉलो’ यादी पहिल्याच दिवशी शिक्का मारून घ्या. आणि आणलेली गाडी बारा महिन्यांच्या आत विकली किंवा कुणाला दिली, तर ड्युटी भरावी लागते. लीजची गाडी इथेच बाद होते, कारण ती तुमच्या मालकीची नाही. ती न्यायला लीज कंपनीची परवानगी लागेल आणि सेटलरची सवलतही मिळणार नाही.

दिरांचं गणित वेगळं. ते इथले रहिवासी, त्यांच्यासाठी आणलेली गाडी म्हणजे सरळ आयात. एप्रिल २०२५ पासून कॅनडाने अमेरिकेत बनलेल्या गाड्यांवर २५ टक्के सरटॅक्स, म्हणजे जादा कर, बसवला आहे. समजा २०,००० कॅनडियन डॉलरची गाडी. सरटॅक्स पूर्ण किमतीवर लागला तर ५,०००. मग २५,०००वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १,२५०. सीमेवरच ६,२५० गेले, ऑन्टारिओचा करातला ८ टक्के वाटा नोंदणीच्या वेळी वेगळा. कुणी म्हणेल, जपानमध्ये बनलेली घेऊ. व्हीआयएनचं पहिलं अक्षर ‘जे’ असेल तर गाडी जपानची. १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकेची, २ कॅनडाची, ३ मेक्सिकोची. अमेरिकेत वापरलेली जपानी गाडी आणली तर ६.१ टक्के ड्युटी. शिवाय तुमच्या यादीत दिरांची गाडी घुसवायचा विचार चुकूनही करू नका. पहिल्याच दिवशी नव्या देशाच्या अधिकाऱ्यापुढे खोटं बोलायचं कशाला?

— ना. ज., मिसिसागा

•

ना. ज. काका, इतकं तपशिलात लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी लगेच कपाट उघडलं. टायटल आहे, बँकेचं नाव त्यावर नाही. हुश्श!

एक विचारायचं राहिलं. सेडान सीमेवरून आत आली म्हणजे झालं का? ‘आरआयव्ही’ नावाचं काहीतरी वाचलं, ते आम्हालाही लागू आहे का?

— मी. का.

•

ताई, लागू आहे. ड्युटी माफ झाली म्हणून सुरक्षेचे नियम माफ होत नाहीत.

आरआयव्ही म्हणजे अमेरिकेतून आलेल्या गाड्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा, ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या वतीने चालते. निघायच्या आधी ट्रान्सपोर्ट कॅनडाची यादी उघडून तुमचं मॉडेल आणि साल स्वीकारार्ह आहे का ते पाहा. काही गाड्या अजिबात चालत नाहीत, काहींमध्ये बदल करावे लागतात. दुसरं, गाडीवर कुठलाही रिकॉल (सदोष भाग कंपनीने बदलून देण्याचं काम) बाकी नाही असं कंपनीकडून लेखी घ्या. हे न्यू जर्सीत असतानाच करा, कारण रिकॉलचं काम तुमच्या ओळखीच्या डीलरकडे फुकटात होईल.

सीमेवर कॅनडाचे अधिकारी फॉर्म १ भरून देतात. मग आरआयव्हीची फी भरायची, रिकॉलचा कागद पाठवायचा, तिकडून फॉर्म २ येतो. तो घेऊन तपासणीला जायचं, बऱ्याच जणांची ती कॅनडियन टायर या दुकानांच्या साखळीत होते. हे सगळं गाडी आत आल्यापासून ४५ दिवसांत संपवायचं.

तपासणीत काय बघतात? आमच्या वेळी त्या मुलाने ड्रायव्हरचं दार उघडलं, गुडघ्यावर बसला आणि टॉर्च मारून दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचत बसला. कॅनडासाठी बनलेल्या गाडीच्या लेबलवर मेपलच्या पानाची खूण असते, आपल्या गाडीवर अमेरिकन नियमांचा उल्लेख. ते लेबल वाचता आलं पाहिजे. अपघातानंतर भाग बदलून लेबल गेलं असेल तर कंपनीचं पत्र लागतं. आमचं लेबल धुरकटलं होतं, त्याने अंगठ्याने पुसून एकेक आकडा व्हीआयएनशी ताडून पाहिला. मग मला इंजिन सुरू करायला सांगितलं आणि पुढे जाऊन उभा राहिला. दिवे लागले नाहीत. इथे १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना दिवसाही आपोआप लागणारे पुढचे दिवे सक्तीचे आहेत. अमेरिकन गाड्यांत ते पुष्कळदा असतात पण बंद ठेवलेले असतात. डीलरने संगणक जोडून दहा मिनिटांत चालू केले. सप्टेंबर २००७ पासूनच्या गाड्यांना इमोबिलायझरही (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र) लागतो. तुमच्या सेडानच्या नेमक्या मॉडेलला तो आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा, कारण मागाहून बसवणं महाग पडतं.

यानंतर ऑन्टारिओचं सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला. ते ३६ दिवसच चालतं, म्हणून फार आधी करून घेऊ नका. मग विमा, मग नंबर प्लेट. तुमच्या अमेरिकन विमा कंपनीकडून आजवरच्या विम्याचं आणि क्लेम नसल्याचं पत्र दोघांच्याही नावाने आणा. ते नसेल तर विमा कंपनी तुमच्याकडे नवख्या ड्रायव्हरसारखं बघू शकते, आणि इथला विमा स्वस्त नाही.

— ना. ज.

•

नमस्कार, मी जरा दुसऱ्या बाजूने लिहिते. सेडान आणाच, पण मी. का. ताई, घरात दोन गाड्या लागणार असतील तर दुसरी नवी घेणं हा तुमच्या यजमानांचा विचार चुकीचा नाही. आम्ही गेल्या वर्षी घेतली. दोन ठिकाणी फसता फसता वाचलो, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, हप्ता विचारू नका, एकूण किंमत विचारा. इथे विक्रेते ‘दर दोन आठवड्यांनी अमुक’ असं सांगतात. ऐकायला महिन्याच्या हप्त्याच्या निम्मं वाटतं, पण वर्षात असे हप्ते २४ नाही, २६ होतात. त्यात कर्ज ८४ महिन्यांचं. मी कागदावर गुणाकार करून दाखवला तेव्हा आमचे हे गप्पच बसले. सात वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं गाडीच्या किमतीपेक्षा देणं जास्त असतं. मधेच नोकरी बदलली, गाव बदललं, तर विकूनही कर्ज फिटत नाही.

दुसरी, ऑन्टारिओत नोंदणीकृत डीलरने जाहिरातीत दिलेल्या किमतीत फ्रेट (वाहतूक), पीडीआय (ताबा देण्याआधीची तपासणी), प्रशासकीय फी हे सगळं धरलेलंच असलं पाहिजे. वर फक्त एचएसटी (इथला विक्रीकर) आणि लायसन्सचा खर्च. आम्हाला करारावर काचेवर नंबर कोरण्याचे आणि ‘प्रोटेक्शन पॅकेज’चे पैसे आधीच छापून दिले होते. मी पेनाने रेघ मारली आणि म्हटलं, हे काढलंत तर सही करते. काढलं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. डीलरकडे सही केली की माघार नाही. गाडीच्या कराराला इथे ‘कूलिंग ऑफ’ची मुदत नसते. आम्हाला कुणीतरी दहा दिवस मिळतात असं ठामपणे सांगितलं होतं, ते खोटं निघालं. म्हणून करार घरी नेऊन वाचा, आणि त्यांनी नेऊ दिला नाही तर उठून या.

आणि जुनी घ्यायची झाली तर खासगी विक्रेत्याकडून युव्हीआयपी (गाडीच्या माहितीचा सरकारी संच) मागा, तो देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यात आधीचे मालक आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते दिसतं. इथल्या गाड्यांचा खरा शत्रू रस्त्यावरचं मीठ. खाली वाकून चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा हाताने चाचपा. रंग फुगलेला लागला तर आत गंज असतो.

— सु. दे., ओकव्हिल

•

सर्वांना नमस्कार. दोन छोटे प्रश्न. अमेरिकेत माझ्या भावाकडे एक २००६ची गाडी आहे, तिला हे आरआयव्ही लागेल का? आणि कुणी भारतात परतताना गाडी नेली आहे का?

— अ. फ., हॅमिल्टन

•

अ. फ., १५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला आरआयव्ही लागत नाही. कस्टम्सचे कर आणि अमेरिकेचे निर्यातीचे नियम मात्र लागतातच, आणि प्रांताची सेफ्टीही. उलट दिशेने, कॅनडातून अमेरिकेत, हीच सुरक्षेची सूट २५ वर्षांची आहे.

भारताचा विचार सोडा. तिथे वापरलेली गाडी बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवता येते. आपल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला तिथे वाट नाही.

सु. दे. वहिनींनी लिहिलेलं सगळं ताईंनी छापून जवळ ठेवावं. मी त्यात एवढंच घालतो: न्यू जर्सीतून निघायच्या आदल्या दिवशी तिथून नवीकोरी गाडी घेऊन यायचा मोह कुणाला झाला तर, वॉरंटी कॅनडात चालेल हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये. काही कंपन्या सीमेपलीकडे नेलेल्या गाडीची वॉरंटी मानत नाहीत.

— ना. ज.

•

काका, वहिनी, खूप खूप आभार. काल रात्री आम्ही दोघांनी हे सगळं बसून वाचलं. लीज कंपनीला गाडी परत करण्याबद्दल विचारलंय. दिरांना फोन करून ६,२५०चा आकडा सांगितला, त्यांनी स्वतःच नको म्हटलं. सेडानच्या रिकॉलमध्ये एक एअरबॅगचं काम बाकी निघालं, त्यासाठी येत्या मंगळवारची वेळ घेतली आहे.

आता शेवटचा प्रश्न: कुठल्या पुलावरून यावं आणि कधी?

— मी. का.

•

ताई, पीस ब्रिज किंवा लुइस्टन-क्वीन्स्टन, दोन्ही तुमच्या वाटेवर आहेत. पण ज्या पुलाला कागद पाठवाल त्याच पुलावरून या. कामाच्या दिवशी, सकाळी पोचा. निर्यातीचे कागद बघणारी कचेरी रात्री आणि शनिवार-रविवारी उघडी असेलच असं नाही, तेव्हा वेळ आधी फोनवर विचारून घ्या. आणि पूल चढायच्या आधी अमेरिकेच्या बाजूला थांबायचं लक्षात ठेवा. जीपीएस तुम्हाला सरळ कॅनडाच्या रांगेत नेतो. टायटलवर शिक्का बसल्याशिवाय पुलावर गाडी घालू नका.

मंगळवारी एअरबॅगचं काम झाल्याचा कागद डीलरकडून सही-शिक्क्यासह घ्या. ज्या दिवशी निघाल त्या दिवशी मला फोन करा, काही अडलं तर मी फोर्ट एरीला, पीस ब्रिजच्या कॅनडाकडच्या टोकाला, येऊन थांबतो.

— ना. ज.