कारखानदारांच्या 'उद्योगस्नेही उमेदवार' निधीला माझा उघड विरोध

मागवाला (धागा सुरू करणारे)

गेल्या आठवड्यात कारखानदारांच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज बऱ्याच जणांनी वाचला असेल. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी सार सांगतो. 2029 च्या विधानसभेसाठी आत्तापासून निधी उभा करायचा. दर मागामागे वर्षाला हजार रुपये. सोलापूर शहरातल्या जागांवर 'उद्योगस्नेही' उमेदवार कोण ते पाच जणांची समिती ठरवणार, पैसा त्यालाच जाणार, पक्ष कुठलाही असो. कारण असं दिलंय की विडी आणि यंत्रमाग कामगारांनी आपले नेते, माकपचे आडम मास्तर यांना 1978, 1995 आणि 2004 असं तीनदा विधानसभेत पाठवलं, मालकांना मात्र तिथे कुणी वाली नाही. शेवटी अमेरिकेचा दाखला. तिथे राज्याराज्यांतले व्यापारी चेंबर उघडपणे उमेदवार निवडतात, मालकांकडून पैसा उभा करतात, मग आपणच का मागे राहायचं?

ग्रुपवर चार ओळी लिहिल्या तर 'एकीत फूट पाडू नका' म्हणून गप्प केलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझे स्वतःचे टॉवेलचे माग आहेत. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्यांनी भाड्याच्या शेडमध्ये चार मागांवर सुरुवात केली. लाईट बिल, सुताचा भाव आणि उधारी यांचा जाच मला ग्रुपवरच्या कुणाहून कमी नाही. पण या जाचातलं आमदाराच्या हातात काय आहे ते कुणीतरी मांडा. विजेचा दर नियामक आयोग ठरवतो. सुताचा भाव बाजार ठरवतो. जीएसटी ठरवणारी परिषद दिल्लीची. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के आयात कर लावला, त्यापुढे सोलापूरचा कुठला आमदार पुरा पडणार होता? त्याच्या हातात उरतं ते पाणी, रस्ते, ड्रेनेज, अनुदान वेळेवर सुटणं आणि कामगार खात्यावरचा दाब. यातल्या पहिल्या गोष्टी साऱ्या शहराच्या आहेत, त्या मागायला निधी लागत नाही. निधी लागतो तो शेवटच्या गोष्टीसाठी. मेसेजमध्ये 'इन्स्पेक्टर राज संपवणे' हा पहिला मुद्दा आहे तो उगीच नाही.

आणि निवडणुकीआधीची वसुली आपण सगळेच जाणतो. माणसं शेडवर येतात, मुकादमाला बाहेर जायला सांगतात, आकडा सांगतात. पावती नाही. एका निवडणुकीत मी एकाला दिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी विरोधकाचा माणूस दारात. 'त्यांना दिलंत, मग आम्हाला?' समिती झाली की हे थांबेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढंच सांगावं: समितीने ज्याला डावललं तोच निवडून आला तर पुढची पाच वर्षं लहान कारखानदाराने कुणाच्या दारात उभं राहायचं?

साखरपेठी

मालक, तुमचा राग कळतो, पण निष्कर्ष उलटा काढलात. माणसं येतात, पावती नसते, दोन्हीकडे द्यावे लागतात, हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे पैसा आजही जातोच आहे, आणि बदल्यात काही मिळत नाही. आम्ही म्हणतोय की तोच पैसा एकत्र करा, चेकने द्या, अट घालून द्या. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आणली होती. पैसा थांबला का? रोखीत गेला. शेवटी 1985 मध्ये बंदी उठवावी लागली.

आमदाराच्या हातात काही नाही हे साखरवाल्यांना जाऊन सांगा. आपल्या जिल्ह्यात कारखान्याचा चेअरमन आणि आमदार एकच माणूस असं किती ठिकाणी होतं, ते मोजा. सरकारची थकहमी कुणाच्या कर्जाला मिळते? मागवाल्याला मिळाल्याचं कधी ऐकलंय? माझ्या शेजारच्या शेडमधले माग भंगारात किलोवर गेले. त्यावर वीस वर्षं काम केलेला जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आता रिक्षा चालवतो. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून आपण फलक लावले, पण त्या नावाने बाहेरची चादर आपल्याच बाजारात विकली जाते, त्यावर विधानसभेत बोलायला आपलं कोण आहे?

सीए_सातरस्ता

भावना बाजूला ठेवून कायद्याचं बोलू. मेसेज लिहिणाऱ्याने कुठल्याच सीएला विचारलेलं दिसत नाही.

कंपनीने पक्षाला द्यायचं तर संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा आहे. 2017 मध्ये ती काढली होती, 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे (पक्षांना नाव न उघड करता देणगी देण्याची योजना) रद्द केले तेव्हा ते काढणंही रद्द झालं. आपल्याकडचे बहुतेक कारखाने भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर, त्यांना ही मर्यादा लागू नाही. पण आयकरातली सूट नोंदणीकृत पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या गोळा करून पक्षांना देणारी मान्यताप्राप्त संस्था) दिलं तरच, तेही रोखीने नाही. उमेदवाराच्या हातात दिलं तर सूट शून्य. पाच जणांच्या समितीच्या खात्यावर दिलं तरी शून्य. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख आहे. आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर परस्पर खर्च करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्यांना असा परस्पर खर्च मोकळा झाला. तिथला नमुना इथे आणाल तर पहिली नोटीस समितीलाच येईल.

साखरपेठी

मग ट्रस्ट काढू. कायदा अडवत नाही, फक्त वाट दाखवतो. तुम्हीच फी घेऊन काढून द्या.

होटगीरोडकर

सगळे उद्योगस्नेही उद्योगस्नेही म्हणताय. कुणाच्या उद्योगाचा स्नेही ते सांगा ना. सिद्धेश्वर कारखाना हा उद्योग नव्हता का? 15 जून 2023 ला त्याची चिमणी पाडली तेव्हा याच शहरातले व्यापारी, उद्योजक पेढे वाटत होते. हजारो ऊस उत्पादक सभासदांचा सहकारी कारखाना, सहवीजनिर्मितीची चिमणी, काही सेकंदांत जमीनदोस्त. तेव्हा कुठे गेली होती एकी?

पार्कचौक

आली चिमणी. ओ साहेब, ती अनधिकृत होती म्हणून पाडली. विमानाच्या वाटेत होती. विमान नाही म्हणून एकही मोठी आयटी कंपनी इथे पाय ठेवत नव्हती. माझी दोन्ही पोरं पुण्यात, हिंजवडीत. सोलापुरात नोकरी असती तर त्यांची आई आज सणाला एकटी बसली नसती.

होटगीरोडकर

विमान कधी आलं? जून 2025 मध्ये गोव्याचं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. म्हणजे चिमणी पाडून दोन वर्षांनी. मग गाळपाचे दोन हंगाम आधीच चिमणी पाडायची घाई कशासाठी होती? नव्या विमानतळासाठी बोरामणीला जमीन संपादित करून वर्षानुवर्षं पडून आहे, वनजमिनीच्या तुकड्यावरून अडलंय. तिथे जोर लावायला कुणी गेलं नाही. माझ्या मामांचा ऊस त्या हंगामात फडात उभा राहिला. तोडणीची टोळी मिळेना, शेवटी मिळेल त्या भावाने दुसऱ्या कारखान्याला घातला. त्यांना जाऊन सांगा पोरं पुण्यात आहेत म्हणून.

पार्कचौक

कारखाना बंद पडला का? चिमणी गेली, गाळप चालू आहे. आणि गोव्याच्या विमानाला हसणाऱ्यांना विचारतो, गेल्या वर्षी तुमच्याच घरचं कोण त्यातून गेलं?

होटगीरोडकर

माझ्या घरच्यांवर जाऊ नका. ताकीद समजा.

पुण्यातला_सोलापूरकर

बाहेरून बघणारा म्हणून सांगतो, चिमणी किंवा विमान यांच्यामुळे कुणी सोलापूर सोडत नाही. मी पाण्यासाठी सोडलं. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी. घरात आजारी माणूस असला की त्याचा अर्थ काय होतो तो इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. महापालिकेवर मार्च 2022 पासून प्रशासक, निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. तेवढा काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा कुठल्या संघटनेने आवाज काढला?

पार्कचौक

पुण्यात बसून सोलापूरला शिकवू नका. परत या, टँकरच्या रांगेत उभे राहा, मग बोला.

संपादक

चिमणी, विमानतळ आणि पाणी यांच्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे निधीवर बोला.

होटगीरोडकर

तेच तर सांगतोय. निधी गोळा झाला की उद्या ट्रस्टमध्ये प्रश्न येईल, चिमणी हवी की विमान? त्या पाच जणांत ऊसवाला असेल का? यंत्रमागवाल्याचं आणि बिल्डरचं हित एक आहे का? मागवाल्याला शेडचं भाडं कमी हवं, बिल्डरला जमिनीचा भाव चढा हवा.

विडीघरकुल

मघापासून वाचतेय. तीन पिढ्यांच्या घरात कुणीतरी विड्या वळल्यात म्हणून दोन शब्द.

आई सुपात तंबाखू घेऊन पहाटे बसायची, हजार विड्या होईपर्यंत उठायची नाही. संध्याकाळी कारखान्यात द्यायला मी सोबत जायचे. चेकर विड्यांचा कट्टा हातात घेऊन अंगठ्याने विड्या पसरायचा आणि न बोलता काही बाजूला टाकायचा. छाट. त्याचे पैसे नाहीत, आणि छाटलेली विडी परतही नाही. छाट किती निघावी याला काही माप होतं का? त्याच्या मनावर होतं. आईने त्याच्याशी वाद घातलेला मी एकदाच पाहिला, त्यानंतरच्या आठवड्यात तिच्या वाटणीला आलेला तेंदूपत्ता निम्मा फाटका होता. कामगारांनी आपला आमदार का निवडला असं ज्यांना कोडं पडलंय त्यांच्यासाठी हे लिहिलं. तिने कुणाला हजार रुपये दिले नव्हते. मोर्चाला चालत गेली होती. आज कुंभारीला रे नगरची, कामगारांची घरं उभी आहेत, जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या दिल्या. ती घरं देणग्यांतून झालेली नाहीत.

आता इन्स्पेक्टर राजबद्दल. 18 मे 2025. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. मालक, त्यांच्या घरचे, कामगाराचं कुटुंब, आठ जण गेले. लहान मूल होतं त्यात. कारखान्यातच राहणं, एकाच दाराने ये-जा, सुताचे ढीग, हे आपल्याकडे शेडोशेडी आहे आणि ते बघायला यायचं काम इन्स्पेक्टरचं आहे. तो आला की पाकीट घेतो, हे मलाही ठाऊक आहे. मग पाकीट बंद करायला निधी काढा. इन्स्पेक्टर बंद करायला का काढताय? नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये तसंही त्याचं काम तपासणीपेक्षा सल्ल्याकडे झुकवलंय. अजून किती झुकवायचं?

साखरपेठी

ताई, त्या आगीवरून राजकारण करू नका. त्या रात्री आमच्यातले कितीतरी जण तिथे धावले होते.

विडीघरकुल

धावलात हे खरंच आहे. पण धावायची वेळ येऊ नये यासाठी तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ आहे का? मी पूर्ण वाचला. नाही.

मागवाला

ताईंचा मुद्दा माझ्याहून नेमका आहे. माझ्या शेडला मागचं दार आहे, पण त्याच्यासमोर सूत गुंडाळलेली बिमं लावलेली असतात, हे मी आज दुपारी जाऊन बघितलं आणि हलवली.

साखरपेठी, तुमच्या चेकच्या मुद्द्यावर बोलतो. रोखीपेक्षा चेक बरा, एवढं मान्य. पण चेकने दिलेला पैसाही बोलतो. 1957 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या नियमांत बदल हवा होता. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी परवानगी दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे, संसदेने याचा विचार करावा, असंही बजावलं. ती कंपनी सगळं उघड करत होती, तरीही. निवडणूक रोख्यांची यादी मार्च 2024 मध्ये बाहेर आली तेव्हा चौकशा चालू असलेल्या कंपन्याही त्यात निघाल्या. मोठ्या मोठ्यांना नाही म्हणता आलं नाही, तिथे बारा मागांचा मालक काय अट घालणार?

आणि पैसा असला म्हणजे मतं पडतात असंही नाही. 1971 मध्ये नवल टाटा स्वतः दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिले होते. पडले.

साखरपेठी

नवल टाटा इंदिरा लाटेत पडले. त्या वर्षी भले भले पडले. त्यावरून धडा काढायचा तर निधी अजून आधी काढायला हवा, असा निघतो.

इन्स्पेक्टरची ओळ वगळा असं मी समितीला सांगेन. ताईंसाठी नाही, आमच्यातल्याच दोघांनी काल तेच म्हटलं म्हणून. त्या जागी आगीच्या परवान्यांसाठी एक खिडकी आणि शेडना दुसरं दार काढायला अनुदान, अशी मागणी घालू. पण निधी होणार. तुम्ही नाही दिलात तरी होणार.

सीए_सातरस्ता

दुसऱ्या दाराचं अनुदान मागायला उमेदवार कशाला हवा? राज्याचं वस्त्रोद्योग धोरण 2023-28 चालू आहे. त्यात बदल सुचवणारं निवेदन उद्या सकाळी देता येतं. सह्या घ्या, मी मसुदा करून देतो, फी न घेता.

होटगीरोडकर

सह्यांत ऊसवाल्यांनाही घेणार का?

मागवाला

घेऊ. विडीच्या बायकांनाही घेऊ, त्या येणार असतील तर. रविवारी ग्रुपची बैठक आहे, तिथे मी निवेदनाचा मसुदा ठेवणार आणि समितीला दोन गोष्टी विचारणार: कुणी किती दिले याची यादी दर महिन्याला छापणार का, आणि समितीतल्या पाच जणांपैकी स्वतः तिकीट मागणार कोण कोण. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साखरपेठींना आत्ता इथेच देता येईल.

साखरपेठी

एक जण आहे. रविवारी सांगू.