कोलेस्टेरॉलसाठी ओट्स: किती, आणि कशाच्या जागी?

संत्रानगरीकर:
मागील महिन्यातील रक्ततपासणीत माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १५८ आले. वय ५१, मधुमेह नाही. तीन महिने आहार आणि चालणे सांभाळा, मग पुन्हा तपासू, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे गोळी अद्याप सुरू झालेली नाही. घरी रोज सकाळी दोन चमचे ओट्स दुधात शिजवून मिळतात. मात्र दहाच्या सुमारास कार्यालयाबाहेरच्या टपरीवर तर्रीपोहे होतातच, हे कबूल करतो. एवढ्या ओट्सने फरक पडेल का? पाकिटातले मसाला ओट्स चालतील का?

आहारशास्त्राची निवृत्त शिक्षिका:
दोन चमचे म्हणजे जेमतेम १०-१२ ग्रॅम. तेवढ्याने फरक पडणार नाही. ओट्समधील बीटा-ग्लुकॅन हा विरघळणारा तंतू लहान आतड्यात चिकट, दाट होतो आणि पित्ताम्लांना (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती पित्तातील पाचक आम्ले) अडकवून शरीराबाहेर नेतो. मग नवे पित्ताम्ल तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल ओढून घ्यावे लागते, आणि त्याची पातळी उतरते. त्यासाठी दिवसाला सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयारोग्याचा दावा छापण्यास परवानगी दिली, तीही याच प्रमाणाच्या आधारे. कोरड्या ओट्समध्ये मोजायचे तर हे ७०-७५ ग्रॅम होतात, जे दोन वेळांत विभागून खाता येतात. एवढे नियमाने खाल्ल्यास एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के घटते, म्हणजे तुमचे १५८ जेमतेम १५० च्या आसपास येईल. मसाला ओट्समध्ये मीठ बरेच असते, म्हणून साधे ओट्स घ्यावेत आणि फोडणी घरी द्यावी. प्रमाण हळूहळू वाढवा व पाणी पुरेसे प्या, अन्यथा पोट फुगते.

फुटाळ्याचा फिरस्ता:
ताईंच्या उत्तरात एक भर घालतो. मी तराजू आणला तेव्हा कळले की आमच्या घरची स्टीलची वाटी काठोकाठ भरली तरी ओट्स फक्त ४५ ग्रॅम बसतात. तोवर मी अर्ध्या वाटीलाच पुरेसे समजत होतो. आता सकाळी एक वाटी ओट्स कांदा, मटार, कढीपत्ता घालून पोह्यांसारखे करतो आणि उरलेले संध्याकाळी ताकात भिजवतो. तीन महिन्यांत माझे एलडीएल १६२ वरून १४७ झाले, पण त्यात ओट्सचा वाटा किती आणि तर्री, शेव व रविवारचे सावजी मटण कमी केल्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. ओट्स तर्रीपोह्यांच्या आधी खायचे की त्यांच्या जागी, हाच तुमचा खरा प्रश्न आहे, असे मला वाटते.

इतवारीचा वाणसामान-वेडा:
ओट्सची चव न रुचणाऱ्यांसाठी जव, म्हणजे बार्ली, हाही पर्याय आहे, कारण त्यातही बीटा-ग्लुकॅन भरपूर असते. मात्र किराणा दुकानात ‘जव’ मागितल्यावर मला एकदा चक्क जवस बांधून मिळाले! आपल्या विदर्भात जवसाची चटणी घरोघरी, तेव्हा दुकानदाराला दोष देत नाही. जवसही चांगलेच, पण ते तेलबी आहे आणि त्यात बीटा-ग्लुकॅन नसते. ज्वारीच्या आंबिलाबद्दलही कोणी विचारेल, म्हणून सांगतो: ती पचायला हलकी, पण हा तंतू तिच्यात ओट्स-जवाच्या मानाने फारच थोडा.

आहारशास्त्राची निवृत्त शिक्षिका:
ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील दुसऱ्या प्रकारची चरबी, वाढलेले असतील तर ओट्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथे साखर, मैदा आणि मद्य कमी करणे अधिक उपयोगी पडते. शिवाय थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते. ज्यांची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी आधीपासून सुरू आहे, त्यांनी ओट्सच्या भरवशावर ती स्वतःहून बंद करू नये.

संत्रानगरीकर:
सर्वांचे आभार. थायरॉइडची तपासणी झालेली नाही, ती या आठवड्यात करून घेतो. उद्यापासून डब्यात ३५ ग्रॅम ओट्सचा उपमा नेणार आहे. टपरीवाल्याला मात्र आज सांगण्याचे धाडस झाले नाही, बारा वर्षांचे गिऱ्हाईक आहे मी.